धुळ्याची दुसरी फेरी

जळगाव
२ सप्टेंबर २०२२

रत्ना,

मिच्छामि दुक्कडम्. सरत्या वर्षात माझ्याकडून जाणता-अजाणता, मनाने, बोलण्याने किंवा वागण्याने तुला दुखावलं गेलं असेल तर मी दोन्ही हात जोडून क्षमा मागते.

(वरचं छापील आहे. इथून खाली माझं.)

परवा आमची संवत्सरी झाली. दरवर्षीसारखी दादाजींनी सव्वाशे कार्डं छापून आणली. पप्पा म्हणाले, आता सगळे मोबाइलवरच पाठवतात. दादाजी म्हणाले, "अंगठ्याने मागितलेली माफी मला चालत नाही." मग आम्ही भावंडं, मी आणि मनन, दुकानातच पातेल्यांच्या थप्प्यांमध्ये बसून पत्ते लिहीत होतो. मननने विचारलं, कोणी राहिलं का? तेव्हा तू आठवलीस.

आठ महिने झाले तुझा फोन लागत नाही. तू चोपड्याला केळीच्या पॅकिंग शेडवर जातेस असं हॉल झाडणाऱ्या सुमनबाई सांगत होत्या. खरं का? वना सरांच्या बॉक्सिंगच्या हॉलवर तुझ्या हातपट्ट्या अजून खुंटीलाच आहेत, मी कोणाला हात लावू देत नाही. सरावाला तुझ्यासारखी जोडीदार मिळत नाही गं. राग सोड आणि परत ये.

तुझी
जिनल (शेठाणी म्हण, चालेल)


जळगाव
२१ सप्टेंबर २०२२

रत्ना,

कमाल आहे तुझी! माझंच कार्ड, माझ्याच पत्त्यावर, आणि छापील मजकुरावर लाल पेनाने आडवं लिहिलेलं: "काय चुकनं ते लिख."

अगं बाई, ती रीत असते आमच्यात. सव्वाशे जणांना जातं ते. दादाजी तर ज्यांच्याशी कधी बोलणंही झालं नाही अशा व्यापाऱ्यांना पाठवतात. आजपर्यंत कोणीही उलट विचारलं नाही की बाई, नेमकं काय चुकलं. त्या व्यापाऱ्यांनी असं विचारलं तर दादाजींना दुकान बंद करून उत्तरंच लिहीत बसावं लागेल.

धुळ्याबद्दल म्हणत असशील तर तो खेळ होता. जानेवारीत निवड चाचणी झाली, सत्तावन्न किलोच्या अंतिम सामन्यात एकाच हॉलच्या दोघी आपण समोरासमोर आलो, हा काय माझा गुन्हा? रिंगमध्ये ठोसेच मारतात, ओवाळणी घालत नाहीत. दुसऱ्या फेरीत तू पडलीस. मी पडले असते तर मीही घरी बसून रडले असते, पण दोन महिन्यांनी परत आले असते.

सर तुझ्या नानांना म्हणाले की पोरीची मान कच्ची आहे, मोठ्या रिंगचं काम नाही. ते सरांनी म्हटलं, मी नाही. मी तर उलट तुझं सगळं झाकलं. धुळ्याच्या चार दिवस आधी सरावात तुला लागलं होतं, तू नळापाशी ओकलीस, आणि "सरले सांगू नको" म्हणून मला शपथ घातलीस. ती मी आजपर्यंत पाळली आहे. त्याचं तरी कौतुक कर की जरा!

रागात लिहिलंय. उद्या वाचलं तर फाडीन, म्हणून आजच टाकते.

जिनल


रोहतक
४ फेब्रुवारी २०२४

रत्ना,

दीड वर्षाने लिहिते आहे. तू त्या पत्राला उत्तर दिलं नाहीस ते बरंच केलंस.

मी राष्ट्रीय शिबिरात आहे. इथे इतकी थंडी आहे की पहाटे धावताना नाक आहे की गळून पडलं ते चाचपून बघावं लागतं. मेसमध्ये कांदा-लसूण वगळून जेवायला मागितलं तर आचारी माझ्याकडे असा बघतो की जणू मी त्याची जमीन मागितली. तरी मजेत आहे. इथे तुझी आठवण रोज येते आणि तीही कामाची.

तुला आठवतं, तू माझ्या हनुवटीखाली लिंबू धरायला लावायचीस? तीन मिनिटं खेळायचं आणि लिंबू पडलं की वीस बैठका. पहिल्या महिन्यात मी एवढ्या बैठका काढल्या की दुकानात पाटावर बसता येईना. "शेठाणी, तोंड वर करीसन आभाळ काय देखस?" म्हणून ओरडायचीस. मला वाटायचं ही मुद्दाम छळते. तू लहानपणापासून नानांबरोबर केळीचे घड खांद्यावर वाहिलेस, तुझी मान तशीच तयार झालेली. माझी मान तू घडवलीस, टॉवेल डोक्याला लावून ओढून ओढून.

इथे पहिल्याच आठवड्यात मणिपूरच्या एका मुलीचा ठोसा मला असा बसला की कानात घंटा वाजल्या. पण मी उभी राहिले. प्रशिक्षक सुलक्षणा मॅडम नंतर माझ्या मानेला हात लावून म्हणाल्या, "हे कोणी करून घेतलं?" मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीने. खोटं कशाला बोलू, डोळ्यात पाणी आलं. तुझे उपकार आहेत माझ्यावर, आणि ते मी तुला कधी तोंडावर सांगितले नाहीत.

आता एक अडचण सांगते. धुळ्याच्या सामन्यानंतर पेपरात माझा फोटो आला होता, "जळगावची नॉकआउट कन्या" म्हणून. घरी ते कात्रण काचेत लावलंय. इथे आल्यापासून मी एकोणीस सामने खेळले आणि एकही मुलगी पडली नाही! जिंकते, हरते, पण सगळं गुणांवर. उजवा हात तोच आहे, जोर वाढलाच आहे. मग काय झालं? इथल्या पोरी मला "नॉकआउट दीदी" म्हणून चिडवतात आणि हसतात. मला वाटतं माझा हात गेला.

तुला विचारावंसं वाटलं, कारण तुला माझा हात माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

जिनल


रोहतक
२६ फेब्रुवारी २०२४

रत्ना,

मॅडमना विचारलं. त्या सांगलीच्या, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलतात. आधी तर पोट धरून हसल्या.

म्हणाल्या, "अगं, खाली तालुक्या-जिल्ह्यात एक शिकलेली असते आणि दुसरीने सहा महिन्यांपूर्वी ग्लोव्हज घातलेले असतात. तिथे पाडणं सोपं. जसजशी वर येशील तसतशी चाळण बारीक होते. ज्यांची हनुवटी टिकत नाही त्या खालूनच घरी गेल्या. उरलेल्या सगळ्या ठोसा येताना बघतात. मान घट्ट करतात, नाहीतर ठोशाबरोबर डोकं फिरवतात, अर्धा जोर वाऱ्यावर जातो. शिवाय जोरात मारायचं तर स्वतः उघडं पडावं लागतं, आणि समोरची त्याचीच वाट बघत असते. मग कोण कशाला जीव धोक्यात घालेल? गुण घेते आणि सरकते. त्यातून कोणी डगमगलंच तर पंच लगेच आकडे मोजतात, डॉक्टर वर चढतो. तुझ्या हाताला काही झालेलं नाही. तुझ्यासमोरच्या शहाण्या झाल्यात."

मी विचारलं, मग माणूस पडतो तो कशाने?

"न दिसलेल्या ठोशाने. दिसलेला नुसता दुखतो. डोळ्याला दिसला की अंग आपोआप तयारी करतं. दिसलाच नाही तर मान ढिली राहते, डोकं गर्रकन फिरतं, आणि संपलं."

मला एकदम बरं वाटलं. चला, हात शाबूत आहे! मी उठून चालले तर मॅडमनी मागून विचारलं, "तुझी ती धुळ्याची मुलगी अगदीच नवखी होती का?"

मी म्हटलं, नाही, माझ्याआधी तीन वर्षांपासून खेळत होती.

"मान कच्ची?"

मी म्हटलं, माझी मान तिनेच तयार केली.

"मग ती पडलीच कशी?"

रत्ना, बुटाची नाडी सुटली म्हणून खाली वाकले आणि वाकलेलीच राहिले. मॅडम वाट बघून निघून गेल्या.

तू पडलीस कारण तुला दिसलं नाही. हे मला माहीत होतं. हे पत्र मी तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा इथवर येऊन थांबले. आजही एवढंच जमतंय. मला माफ कर असं लिहायला हात उचलत नाही, कारण तू परत लाल पेन काढशील, आणि काढलंसच पाहिजे.

जिनल


जळगाव
१० सप्टेंबर २०२४

रत्ना,

काय चुकलं ते लिहिते.

पण आधी परवाचं सांगते, कारण तुझ्या कानावर उलटसुलट येईल. मला राष्ट्रीय स्पर्धेत कांस्यपदक मिळालं. तेही गुणांवरच. संवत्सरी झाली, की समाजाच्या भवनात सामूहिक क्षमापनेचा कार्यक्रम असतो, सगळे एकमेकांसमोर हात जोडतात. यंदा त्यातच माझा सत्कार ठेवला. गंमत बघ, दादाजींनी पहिली दोन वर्षं माझ्याशी अबोला धरला होता, जैनाच्या घरात मारामारी शिकते म्हणून. आणि आता तेच माइक घेऊन सांगत होते, "आमच्या नातीने धुळ्यात एका ठोशात समोरचीला झोपवलं!" आत्या, काकू, कुसुमलता मामी, सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. वना सर पहिल्या रांगेत, नवा सदरा घालून.

मला बोलायला उभं केलं. मी आभाराचं भाषण पाठ करून गेले होते. पहिलं वाक्य बोलले आणि मान वर केली. समोर दीड-दोनशे लोक हात जोडून बसलेले, आणि प्रत्येकाच्या तोंडी तेच, जाणता-अजाणता. मग मी जे जाणून केलं होतं ते सांगितलं.

सांगितलं की सामन्याच्या चार दिवस आधी सरावात रत्नाच्या हेडगार्डचा पट्टा तुटला होता. सर बाहेर गेले होते. आम्ही थांबायला हवं होतं, तरी खेळलो. माझा उजवा हात तिच्या डाव्या कानशिलावर बसला. ती ओकली. डाव्या डोळ्याला धूसर दिसतं असं तिने फक्त मला सांगितलं, आणि कोणाला सांगू नको म्हणाली, कारण सरांनी तिला बसवलं असतं. मी शपथ घेतली. धुळ्याला पहिल्या फेरीनंतर मी स्टुलावर बसले असताना मला तिचा तो डोळा आठवला. मला कोणी सुचवलं नाही. माझं मलाच सुचलं. दुसऱ्या फेरीत मी सारखी माझ्या उजवीकडे सरकत राहिले, तिच्या त्या डोळ्याच्या आड. तिथून हुक मारला. तिला तो दिसलाच नाही. ती डोळे उघडे ठेवून पडली.

आणि सांगितलं की तिने शपथ घातली होती ती तिचं दुखणं लपवायला, मी ती वापरली तिला मारायला. वर तिच्याच मौनाच्या आडोशाला अडीच वर्षं फोटो मिरवला. सर म्हणाले मान कच्ची, तेव्हा मी शेजारी उभी होते. एक शब्द बोलले असते तर ते वाक्य नानांपर्यंत गेलंच नसतं. आज ती इथे माझ्या जागी असती.

दादाजी माइक हातात धरून नुसते उभे. पप्पांनी मान खाली घातली. एक काकू पुटपुटली, "घरचं घरात सांगायचं ना गं." वना सर उठून माझ्यापाशी आले. मला वाटलं, मारतात आता. ते म्हणाले, "हा हात मी शिकवला, याची मला आज लाज वाटते." आणि चालते झाले. रडू मला तिथे नाही आलं. घरी आल्यावर आलं. दादाजींनी भिंतीवरचं कात्रण काढलं आणि काचेसकट पलंगाखाली सरकवलं. एवढंच म्हणाले, "बेटा, कार्ड मी छापतो, पण ते कसं लिहायचं असतं ते मला आज कळलं."

रत्ना, मी तुझा अपराध केला. धुळ्याला, जानेवारी २०२२ मध्ये, दुसऱ्या फेरीत, जाणूनबुजून. तू माफ करावंस अशी अट नाही. तू तीन वर्षं मला शिकवलंस, स्वतःच्या डब्यातली भाकरी दिलीस, कांद्याची चटणी वेगळी काढून. आणि मी केलं ते तुला कळलंच असणार, तरी माझं नाव कुठे घेतलं नाहीस. या सगळ्याबद्दल तुझे पाय धरावेत एवढी मी तुझी ऋणी आहे. हे लिहून मला हलकं वाटत नाही, पण खरं लिहिल्यासारखं वाटतं.

जिनल


जळगाव
३ ऑक्टोबर २०२४

रत्ना,

तुझं पत्र आलं. मी दुकानातच फोडलं, गिऱ्हाईक कढई हातात घेऊन ताटकळत उभं, आणि मी हसत होते की रडत होते ते मननलाही कळेना.

सर तुझ्याकडे आले ते मला माहीत नव्हतं! त्यांनी कोणाला सांगितलं नाही. धरणगावमार्गे मोटारसायकलवर चोपड्याला, शेडमध्ये, सगळ्या बायका केळीच्या फण्या धुवत असताना तुझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. "पोरी, मी न बघता बोललो." तू लिहिलंयस की तुला काय करावं ते सुचेना म्हणून तू त्यांना केळी दिलीस, आणि ते तिथेच उभे राहून दोन केळी खात रडले. मला ते अगदी डोळ्यांपुढे दिसलं. सर रडले? आपले सर?

आणि तू मला माफ केलंस असं कुठेच लिहिलं नाहीस. उलट स्वतःचीच चूक लिहिलीस: "माझंही चुकलं. दुखणं माझं होतं आणि शपथ तुझ्या गळ्यात घातली. मैत्रिणीला असं अडकवू नये." अगं, तू काय बाई आहेस! मी माफी मागते तर तूच उलटी मागतेस. दादाजींना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, ही मुलगी आपल्या घरात जन्मायला हवी होती. मी म्हटलं, मग तुम्ही तिच्याशीही दोन वर्षं बोलला नसता. तेव्हा कुठे हसले.

सरांच्या आग्रहाने तू रविवारी चोपड्याच्या मैदानावर पोरींना शिकवायला लागलीस हे वाचून तर मी नाचलेच. नऊ पोरी! नियम पहिला, डोकं दुखलं तर त्याच मिनिटाला सांगायचं. मला बोलावलंस, मी येते. पोरींना धुळ्याचं सांग म्हणतेस, कारण तू सांगितलंस की त्यांना वाटतं ताई उगाच भेडसावते. सांगते. सगळं सांगते.

आता शेवटी तू जे विचारलंस ते. ते वाचल्यापासून दोन दिवस मी नीट जेवलेली नाही. तू लिहिलंस: "माले त्या दिननं काहीच याद नई. रिंगमा चढनू, तेवढंच. भाऊ सांगस, तू पहिलापासूनच मार खाई राहिनी व्हती. एक सांग. तव्हय पुढे कोन व्हतं?"

अडीच वर्षं तू हे न जाणता काढलीस. तुझ्या दीपकभाऊला खेळातलं काय कळतं? त्याने तुला पडताना पाहिलं, तेवढंच त्याला आठवतं. भवनात, सगळ्यांसमोर, मी डोळ्याचं सांगितलं, शपथेचं सांगितलं, पण तेवढं एक गिळलं. का सुचला मला तुझा डोळा, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पहिल्या फेरीत मी तुला एकदाही नीट ठोसा लावू शकले नव्हते. एका डोळ्याने खेळत होतीस तरी तुझा डावा सरळ हात माझ्या तोंडावर येतच होता, येतच होता. मी स्टुलावर बसले तेव्हा पाणी द्यायला आलेला मनन माझ्या कानात म्हणाला, "ही फेरी गेली, जिनू. पाचही पंचांनी तिला दिली. अशीच खेळली तर ती तुला सोडत नाही." मला ते माहीतच होतं. मला हरायची भीती वाटली.

रविवारी सकाळच्या एस.टी.ने येते. दीपकभाऊला आणि नानांना मैदानावर बोलावून ठेव. तुझ्या पोरींसमोर मी हे मोठ्याने सांगणार आहे, पण तुला आधी कळायला हवं.

तू जिंकत होतीस, रत्ना. म्हणून मी तिथे मारलं.

जिनल